बोया कुठून आला

माझा मामा वायरलेसवर खोटं बोलायचा. आमच्या सातपाटीत याला कुणी खोटं म्हणत नाही, धंदा म्हणतात. बोट समुद्रात गेली की दुसरी बोट चालवणारा तांडेल विचारणारच, 'कुठं हायस रं?' आणि जिथे मासळी लागलीय ती जागा खरी सांगणारा तांडेल अजून जन्माला यायचाय. मामाची आवडती जागा उत्तरेला, पाण्याखालच्या खडकापाशी. पण वायरलेसवर तो कायम एकच सांगायचा, 'दक्षिणेला हाय, गाळावर. काय नाय इथं, नुसता कचरा.' वर्षानुवर्षं हेच. जागा सोडताना जीपीएसवरचा बोटीचा मार्गही पुसून टाकायचा, बंदरात कुणी डोकावून बघायला नको म्हणून. लहानपणी आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. आमचा मामा किती हुशार!

मग गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ त्याच्याच बोटीवरून पाण्यात पडला.

दुपारची वेळ, जाळं ओढणं चाललेलं, समुद्र खवळलेला. दोराला हिसका बसला आणि तो गेला. मामाने वायरलेस उचलला आणि ओरडला, 'माणूस पडलाय, या रं सगळे, दक्षिणेला, गाळावर!' आसपासच्या बोटी जाळी सोडून धावल्या. गाळावर कुणीच नव्हतं. बऱ्याच वेळाने मामाची बोट सापडली ती खडक आणि गाळ यांच्या मधे कुठेतरी, गोल गोल फिरत. दिवस मावळेपर्यंत शोधलं, पुढचे कितीतरी दिवस शोधलं. माझा भाऊ मिळाला नाही.

आता प्रश्न एवढाच होता, आणि माझ्या आयने तो तेराव्याच्या आधीच विचारला. मामा त्या दिवशी खरंच दक्षिणेला होता, की नेहमीसारखा उत्तरेला, आणि जिभेला सवय म्हणून तोंडातून 'दक्षिण' निघालं? कारण तो उत्तरेला असेल, तर धावून आलेल्या बोटी त्याने स्वतःच्या तोंडाने भलतीकडे पाठवल्या होत्या. माझ्या भावाला पोहता येत होतं. चांगलं येत होतं.

मामा म्हणाला, 'ताय, शपथ घेतो, त्या दिवशी दक्षिणेलाच होतो. खडकावर परक्या बोटी आल्या होत्या.' आय म्हणाली, 'तू जन्मभर दक्षिणेलाच हायस.' आणि तिने आपल्या सख्ख्या भावाला घराचं दार बंद केलं. लांडगा आला रे आला, दुसरं काय! आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाकडून बोलू?

बोटीवर आणखी दोन खलाशी होते, उत्तर प्रदेशातले, पहिल्याच हंगामाला आलेले. मी त्यांना गाठून विचारलं. त्यातला एक रडवेला होऊन म्हणाला, 'दीदी, पानी तो सब एक जैसा दिखता है.' त्याचं चुकलं नव्हतं, पण मला त्याच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशा वाटल्या. जीपीएसवर काही नव्हतं. जागा सोडून भाच्याला शोधायला निघताना मामाच्या हाताने सवयीने मार्ग पुसला होता. बोटं आपली आपण चालली, म्हणाला. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते मला आजही कळलेलं नाही.

साक्षीला उरला एक बोया. जाळ्याला बांधतात तो प्लास्टिकचा तरंगता गोळा. माणूस पडला की आधी बोया टाकायचा, ही आमच्याकडची जुनी शिस्त. पण त्याला दोराने धोंडा बांधलेला हवा, म्हणजे तो तळाला धरून जागेवर राहतो. मामाने हाताला लागेल तो बोया भिरकावला, धोंड्याशिवाय. जागेची खूण म्हणून टाकलेली वस्तू स्वतःच वाहत गेली आणि काही दिवसांनी चिंचणीच्या किनाऱ्यावर लागली. त्यावर मामाच्या बोटीचा रंग होता, शंकाच नाही.

आय तो बोया पिशवीत घालून बसने बोईसरला माझ्या घरी घेऊन आली. मी पालघरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, नवरा इथल्या कारखान्यात. तिने बोया माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला.

'हा कुठून आला ते सांग,' ती म्हणाली. 'उत्तरेकडनं का दक्षिणेकडनं.'

'आये, असं कसं सांगता येईल?'

'मग शिकलीस कशाला? तुझ्या शिक्षणापायी मी टोपल्या वाहिल्या त्या काय हौसेने?'

खरं सांगायचं तर मलाही खुमखुमी आली. वारा किती, कुठून, भरती-ओहोटी कधी, उधाणाची मोठी भरती होती की भांगाची लहान, सगळं मिळत होतं. समीकरणं पुढे चालतात तशी मागेही चालतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. चिंचणीपासून उलट निघायचं, एकेक भरती मागे जायचं, की जागा आलीच. दोनच तर शक्यता. मी आयला सांगितलं, आठवडाभरात सांगते. नाकाने कांदे सोलायची सवय ही अशी महागात पडते.

माझ्या मांडणीने पहिल्या दिवशी उत्तर दिशा सांगितली. मी आनंदाने म्हणा, संतापाने म्हणा, उठून उभी राहिले. मग वाऱ्याचा वेग किंचित बदलून पाहिला, इतका किंचित की तेवढी चूक कुठल्याही मोजणीत असतेच. दक्षिण आली. आणखी थोडा बदलला, तर बोया म्हणे गुजरातकडून आला होता. मी लॅपटॉप आपटला. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, 'हप्त्यांवर घेतलाय तो.' मी म्हटलं, 'गप बस.' तो साताऱ्याचा, त्याला समुद्र म्हणजे रविवारची सहल.

मला चैन पडेना. वर्गात शिकवताना खिडकीतून झाडं कुठल्या बाजूला हलतायत ते बघायची. रिक्षात बसले की बोटांनी गुडघ्यावर भरती-ओहोटी मोजायची. उद्याचं हवामान सांगता येत नाही हे सगळ्यांना पटतं, त्याबद्दल आपण हवामानवाल्यांना हक्काने शिव्या घालतो. पण कालचंही सांगता येत नाही म्हटलं की कुणाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. जे घडलं ते घडलंच ना? मग ते कुठेतरी असायला हवं, पाण्यात, वाऱ्यात, त्या बोयाच्या ओरखड्यांत. गेलं कुठे?

शेवटी मी खरे बोये टाकायचं ठरवलं. उत्तरेसाठी लाल, दक्षिणेसाठी निळे, प्रत्येकावर ऑईलपेंटने माझा फोन नंबर. तसाच हंगाम, तशीच भरती, वाराही जवळपास तसाच असलेला दिवस निवडला. बायकांनी मासेमारीच्या बोटीवर चढायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून शेजारच्या तांडेलाला गळ घातली. म्हटलं, 'दक्षिणेचा गाळ तुम्हाला माहीतच आहे. उत्तरेचा खडक कुठे आहे तो मामाला विचारावा लागेल, त्याने कुणाला सांगितलेला नाही.'

तांडेल हसायला लागला. 'अगं बाय, तो खडक अख्ख्या गावाला माहीत हाय. तुझा मामा खडकावर असला की आमी मुद्दाम मोकळ्या गाळावर जातो, आणि त्याला वाटतं आमी फसलो.'

मला हसू येईना. म्हणजे इतकी वर्षं तो कुणापासून काय लपवत होता? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तो रोज पुसत राहिला, आणि ज्या एका दिवशी ती ठाऊक असायला हवी होती त्या दिवशी कुणालाच नाही. धावून गेलेल्यांत हा तांडेलही होता. मी विचारलं, 'मग त्या दिवशी तुम्ही खडकावर का नाही गेलात?' त्याचं हसू गेलं. म्हणाला, 'माणूस पडलाय म्हणून सांगतोय, तेव्हा तरी खरं बोलत असंल असं वाटलं.'

त्याने बोये टाकले, आणि काही दिवसांनी फोन यायला लागले. पहिला चिंचणीहून आला, लाल बोया. मी आयला फोन लावणार तेवढ्यात दुसरा आला, चिंचणीच, निळा. मग केळव्याला लाल. डहाणूला निळा. परत केळवे, निळा. मी तांडेलाला विचारलं, सगळे एकाच ठिकाणी टाकले होते ना? तो म्हणाला, दोन लाल तर एकाच हातातून एकदम सोडले. त्यातला एक चिंचणीला गेला आणि एक केळव्याला. एक आमच्या गावाच्या उत्तरेला, एक दक्षिणेला.

सातपाटीला गेले. आय बोंबील वाळत घालत होती. मी तिच्याबरोबर वळणीवर बोंबील टांगत टांगत सगळं सांगितलं. हातभर अंतरावरचे दोन बोये बघता बघता कोसांनी लांब जातात, आणि कोसांच्या अंतरावरून निघालेले दोन एकाच वाळूत येऊन पडतात. भरती-ओहोटी सारखी ढवळत राहते. सगळं लागोपाठ माहीत असेल, पाण्याची प्रत्येक वळी, तरच मागे जाता येईल, आणि तेवढं कुणालाच माहीत नसतं.

'म्हंजे समुद्राला आठवत नाय,' ती म्हणाली.

'तसंच काहीसं.'

'मग दुसरं काय तरी कर.'

'दुसरं काही नाही, आये. हे कधीच कळणार नाही.'

तिने हातातला बोंबील खाली टाकला. 'तुझा मामा सुटला, मग. बरं झालं. जा, त्याला पेढे वाट.' आणि घरात निघून गेली. मी ओरडले, 'मी काय मुद्दाम केलं का?' आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. बघू देत. मला इतका राग आला होता, आणि कुणावर ते ठरवता येत नव्हतं.

दोन दिवसांनी मामा बोईसरला आला. कॉलेजातून घरी पोचले तर तो जिन्यात बसलेला, चपला बाजूला काढून. मला वाटलं, खबर लागली असणार, आता हुश्श करायला आलाय. माझं डोकं फिरलं. चहा तर सोडाच, मी त्याला आत ये पण म्हटलं नाही.

'कळलं ना?' मी म्हटलं. 'काही सिद्ध होत नाही. सुटलास.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात केवढा खंगला होता तो.

'बाय, नक्की काय नाय निघत?'

'नाही.'

'परत एकदा बघ ना.'

'तुला कशाला रे हवंय? तुला तर माहितीय तू कुठे होतास!'

त्याने बाजूच्या चपला जुळवून ठेवल्या. मग म्हणाला, 'नाय ना माहीत.'

मला आधी कळलंच नाही. तो हळूहळू सांगत होता. पहिले काही दिवस त्याला नक्की माहीत होतं, दक्षिणेला होतो. मग ताईने उत्तर उत्तर म्हटलं, आणि एकदा झोपेत त्याला खडकावरचं फुटतं पाणी दिसलं, पोराचा हात दिसला. जागेपणी आठवायला जावं तर गाळावरचं गढूळ पाणी दिसे. आता दोन्ही दिसतं. दोन्हीत पोरगा तसाच पडतो. वायरलेसवर जे बोलला ते आठवतं, पण ते तर तो रोजच बोलायचा, त्यातलं त्या दिवसाचं कुठलं?

'मी वाट बघत होतो, तू काय सांगतेस त्याची,' तो म्हणाला. 'उत्तर म्हणाली असतीस तर ताईचे पाय धरले असते. दक्षिण म्हणाली असतीस तर जरा झोपलो असतो. आता तूच म्हन काय तरी. उत्तर म्हन. चालेल मला.'

माझ्या ओठांवर आलं होतं, म्हणून टाकावं. पण मी बोलले नाही. माझ्याजवळ खरंच काही नव्हतं.

'हे तू आयला सांगितलंस?'

'कुठल्या तोंडाने सांगू? शपथ घेतलीय तिच्यापुढं.'

मी कुलूप उघडलंच नाही, त्याला उठवलं आणि तसंच रिक्षात घातलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, नको. मी ऐकलं नाही. आय ओटीवरच होती. त्याला बघून तिने तोंड फिरवलं. मी म्हटलं, 'बोल.' तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, 'ताय, मी कुठं होतो ते मला नाय आठवत.'

आयने वळून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारणार. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. मग ती बाजूला सरकली आणि तो आत गेला.

तेव्हापासून मामा जेवायला येतो. काल मीही होते. आयने त्याचं ताट वाढलं, सार वाढलं, सुरमईचा मधला तुकडा वाढला. त्याने पहिला घास उचलला तशी ती म्हणाली, 'कुठं होतास रं?'

मामाने घास ताटात ठेवला. 'नाय आठवत, ताय.'

'बरं,' ती म्हणाली. 'जेव.'