दुसरी तारीख नव्हती

सरकारी छापखान्यात त्यांना सगळे खिळेमामा म्हणत. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची एकेक अक्षरं, जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मामा म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. खेकसणं मात्र मुबलक होतं.

लोकशाही कशी आली असं कोणी विचारलंच, तर ते सांगत, "एका दोऱ्याने." रोज लागणाऱ्या ओळी मोडायच्या नाहीत, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायच्या, ही छापखान्याची रीत. मामा सतराव्या वर्षी कामाला लागले तेव्हा फळीवर 'महाराजांच्या आज्ञेवरून' ही ओळ होती. महाराज गेले, मग 'सेनापतींच्या हुकमावरून' आली. सेनापतींनीही एक दिवस गाशा गुंडाळला, मतपेट्या आल्या आणि फळीवर 'लोकांच्या वतीने' येऊन बसली. तिन्ही वेळा दोरा तोच होता, हे मामा आवर्जून सांगत. बाहेर लोक नाचत होते तेव्हा ते जुन्या ओळी सोडून खिळे खणांत परत टाकत होते. राज्य कोणाचंही असो, बोटं तेवढीच काळी होतात, एवढंच त्यांचं राज्यशास्त्र.

एक गोष्ट मात्र तिन्ही राजवटींत टिकली. पूर्वी राजाचा हुकूम राजाच्या तोंडात असे. तो काय होता हे पाठीवर फटके पडल्यावर कळे. मग मामांच्या आजोबांच्या पिढीने राजवाड्यापुढे ठिय्या मांडला. चौदा माणसं गोळ्या खाऊन मेली, तेव्हा कुठे राजाकडून एवढं निघालं: हुकूम छापायचा, त्यावर छापल्याची तारीख घालायची, छापखान्याच्या फाटकावर चिकटवायचा आणि तीस दिवस लोकांच्या हरकती ऐकल्याशिवाय अंमल करायचा नाही. चौदा जीव देऊन एक खळीचा डबा मिळाला, असं मामा म्हणत. पण तारखेची ओळ ते दुसऱ्या कोणाला शिवू देत नसत. ती सगळ्यांत शेवटी जुळवायची, पान यंत्रावर चढल्यावर. तोवर तिथे कोरी जागा.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना एका सकाळी मंत्र्यांचा सचिव हुकूम घेऊन आला. नव्या पुलासाठी नदीकाठची एक गल्ली पाडायची होती, तीही परवा. हुकमावर तारीख हवी होती गेल्या महिन्याची, म्हणजे तीस दिवस कागदावर उलटून गेलेले दिसतील. व्यवस्थापकाने मामांना बाजूला घेतलं, चहा मागवला (चाळीस वर्षांत पहिला) आणि सांगितलं, काम नीट झालं तर दोन वर्षं मुदतवाढ, सरकारी खोलीही तुमचीच राहील. नाही झालं तर खोलीचं बघायला लागेल.

मामांनी मजकूर वाचला आणि मनातून त्यांना गुदगुल्या झाल्या. त्या गल्लीतलं सातवं घर त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. वडील गेल्यावर थोरल्याने मामांची ट्रंक दारात ठेवून कडी लावून घेतली होती, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. जेवायच्या सुट्टीत घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. मामी वाढता वाढता थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "देवाच्या काठीला आवाज नसतो." त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला एक भाकरी जास्त वाढली.

मामा परतले ते पोटभर जेवून आणि मनाने जवळजवळ तयार होऊन. पान यंत्रावर चढलं. गेल्या महिन्याचे आकडे त्यांनी हातात घेतलेही. पण ती कोरी जागा बघून त्यांचा हात अडला. भावाची दया आली म्हणावं, तर तसं काही नव्हतं; भाऊ त्यांना अजून तितकाच नकोसा होता. त्यांना भयंकर राग आला तो सचिवाचा. आपली एकुलती एक ओळ, जिला ना महाराजांनी हात लावला ना सेनापतींनी, ती या कालच्या पोराने मागावी? त्यांनी आकडे खणात टाकले, दुसरे उचलले आणि पान छापून फाटकावर लावायला दिलंसुद्धा.

व्यवस्थापक धावत आला तेव्हा फाटकापाशी पन्नासेक माणसं वाचत उभी होती. "हे काय केलंत?"

"आजची तारीख घातली. दुसरी माझ्याकडे नव्हती."

मामांना निलंबित केलं आणि खोली आठ दिवसांत सोडायला सांगितलं. तीस दिवस त्यांना कोणी दिले नाहीत. त्यात भर म्हणजे त्याच संध्याकाळी थोरला फाटकावर येऊन चारचौघांत त्यांच्यावर तुटून पडला, माझं घर पाडायचा हुकूम तूच छापलास म्हणून. मामा "खाली तारीख वाच," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. बायकोला खरं सांगितल्यावर मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आठव्या दिवशी सामान ओट्यावर आलं होतं. थोरला हातगाडी ढकलत आला. त्या तारखेमुळेच तीस दिवस मिळाले, हे वकिलाने त्याला उलगडून सांगितलं होतं. त्याने गाडी ओट्याला लावली.

"अजून बावीस दिवस घर उभं आहे," तो म्हणाला. "वरची खोली रिकामी आहे. चल."

मामींनी पदर खोचला. "भाऊजी, वीस वर्षं तुमच्या घराच्या नावाने बोटं मोडलीत मी. ते मागे घेणार नाही. पण बावीस दिवस स्थगिती देते." आणि तीच ती ट्रंक त्यांनी स्वतः उचलून गाडीवर ठेवली.

वरच्या खोलीत पोहोचल्यावर मामांनी विचारलं, हरकत लिहिलीस का. थोरल्याने नकारार्थी मान हलवली. गल्लीत कोणालाच ते जमत नव्हतं. मामांनी त्याच्याकडून कागद घेतला, भिंतीला टेकून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तारीख सगळ्यांत आधी लिहिली.