वस्तीतली विहीर

सरपंचाच्या बायकोनं माहा भरलेला हंडा पायानं उलटा केला. तिच्या अंगनात, तिच्या बोअरवर, साऱ्या बायाइच्या देखत.

"दिवाळी झाली का गाव सोडून पळता, अन् उन्हाळ्यात पानी मांगाले येता? लाज हाय का?"

पानी माह्या पायावरून नालीत गेलं. मी रिकामा हंडा घेऊन घरी आली. पोरीनं पानी मांगतलं. काय सांगू तिले?

आमी जातो, हे खरं. मेडशीकडं आमचं गाव. सोयाबीन निंघालं का आमच्या वस्तीले कोनी कामाले बोलावत नाही. मंग बिऱ्हाड बांधून ऊसतोडीले, दूर साखर कारखान्याच्या मुलखात. होळीले वापस. जातानी वस्तीतली विहीर भरेल राहे, येतानी बूड दिसे. सारे म्हनत, ऊन लई, आपलं नशीबच फुटकं.

पन मले एक गोष्ट सलत राहे. आमाले न्याले शेलूबाजारची जीप सरपंच सोता बोलावे. वाटंसाठी चिवडा बी देई. नवरा म्हने, "देवमानूस हाय." म्या म्हनलं, "आवो, एरवी हा आपल्याले ओट्यावर चढू देत नाही. जातानीच याले येवढी माया काहून फुटते?" त्यानं मलेच येड्यात काढलं.

हंडा उलटवला त्या उन्हाळ्यानंतर, मागच्या हंगामात, कोयता माह्या पायावर बसला. नवऱ्यानं मले अन् पोरीले मधातच गावी धाडलं. लंगडत वस्तीत आली तं घर्रर्र आवाज. आमच्या विहिरीत मोटर! पाईप थेट सरपंचाच्या संत्र्याच्या बगीच्यात. झाडं कशी हिरवीगार. अन् मायबाई, आमी इतके वर्स नशिबाले शिव्या देत होतो. तळपायाची आग मस्तकात गेली.

सरपंच तिथंच उभा होता. लाजला बी नाही.

"तुमी नव्हते ना इथं. पानी वाया जाऊन राह्यलं होतं."

"आता मी हावो ना. काढा मोटर."

हासला मेला. "तू एकटी कितीक पिशीन? पाय बरा झाला का जाशीनच."

यंदा दिवाळी झाली, जीप आली. नवरा म्हने, "इथं खाशीन काय?" माहीत नाही. तूर सोंगाले जाईन, कोनाच्या भाजीच्या वाडीत निंदाले जाईन. भेव हाय, खोटं कायले बोलू? पन जीपमंदी बसलेल्या बायाइले म्या तोंडावर सांगतलं, ही जीप आपल्यासाठी येत नाही, बगीच्यासाठी येते. दोघी उतरल्या. बाकीच्या गेल्या. नवरा बी गेला.

दुसऱ्या दिवशी सरपंचाचा गडी मोटर घेऊन आला. आमी तिघी विहिरीवर बसलो होतो.

"सरका वं बाया, मालकानं सांगतलं."

"तुह्या मालकाले जाऊन सांग," म्या म्हनलं, "वस्ती रिकामी नाही. यंदा बी नाही, अन् फुडं बी नाही."