धाकट्या जावेचे हात

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला ठाऊक असावं, असा मला अधूनमधून संशय येतो. मला सगळ्यांचाच येतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

दोन सिझेरियननंतर पोट ओघळलं होतं. साडी कशीही नेसले तरी लपेना. जळगावच्या डॉक्टरांनी जादा कातडी काढून स्नायू आवळायचं ऑपरेशन समजावलं. धोकेही सांगितले — पायात रक्ताची गुठळी, जखमेत पाणी साचणं. मग म्हणाले, तंबाखू असेल तर आधी काही आठवडे बंद. नाहीतर ताणलेल्या कातडीला रक्त पुरत नाही, ती काळी पडून मरते. शेजारी नवरा बसलेला. मी हसून म्हणाले, "छे, आमच्या घरात कोणीच नाही."

खोटं होतं का ते? मी भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायचे — लग्नाआधीपासून, न्हाणीघराचं दार लावून. शाळेत मुलांना तंबाखूबंदीची शपथ देणारी बाई मी. मिश्री दात घासायची, ती कुठे तंबाखू — अशी मनाची समजूत घातली. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा लावली.

माझं करायला साक्रीकडच्या गावाहून धाकटी जाऊ पिंप्राळ्याला आमच्या घरी आली होती. ड्रेसिंग तीच करायची. बेंबीखालची कडा काळी पडली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. पण न्हाणीघरही जाऊच धुवायची — तिला मिश्रीची डबी दिसली असेल? ती बोलेल? त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला हळूच म्हणाले, "गोठ्यात वावरणारी ती, हात कसे धुते कोण जाणे."

एवढंच. पुढचं घरानं केलं. तिला गावी परत पाठवायचं ठरलं. पिशवी भरताना जाऊ म्हणाली, "अक्का, हात ते धुयेल व्हतात. मन्हं काय चुकनं?" मी डोळे मिटून पडून राहिले. मेलेली कातडी कापावी लागली. जखम कधीतरी भरली. तिच्या हातांची गोष्ट मात्र भावकीभर झाली.

बरीच वर्षं गेली. यंदा माझ्या नातवाचं बारसं झालं. बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरत होतं. जाऊ भिंतीशी बसली होती, हात पदराखाली घेऊन. तिनं बाळ मागितलं नाही. तिची पाळी आली तशा सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या — की मलाच तसं वाटलं? तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी बाळ उचललं आणि तिच्या पलीकडच्या बाईच्या मांडीवर ठेवलं.