चार पाय, एक परात

माझे आणि माझ्या सासऱ्यांचे संबंध एका चांदणीवरून तुटले.

मागच्या नाताळात अमरावतीला सासुरवाडीच्या गच्चीवर मी कागदाची चांदणी टांगली. तिची लांब शेपटी खाली हवी, म्हणजे ती बाळ येशूकडे बोट दाखवते. मी ती वर केली. (अकोल्याच्या माणसाला चांदणी चमकली की पुरते!) मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणातून ओरडले, "जवाईबुवा, बाळ खाली गोठ्यात हाय अन् तुमची चांदणी आभाळाकडं दाखवून राहिली! ते चांदणीमागं येनारे ज्ञानी लोकं काय इमानात बसून येतीन?"

"मामाजी, चांदणीले काय उलटं अन् काय सुलटं!" मी सगळ्या पाहुण्यांदेखत बोलून बसलो.

झालं! तीन महिने अबोला. ते फोनवर रत्नाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारत, "त्यायची तब्येत कशी हाय?" आणि 'त्यायची तब्येत' शेजारीच बसलेली असे. रत्ना बिचारी दोन्हीकडून रडकुंडीला आली होती.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. दरवर्षी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. यंदा पाळक नवे होते आणि त्यांचं म्हणणं, विधी उरकू नका, समजून करा. रत्ना म्हणाली, "बाराजणांत तुमचं नाव हाय, अन् बाबाचंबी. पण आयका, यंदा..." पुढचं मी ऐकलं नाही. मी मोरीत वज्री शोधायला पळालो होतो.

(धुवायचे पाय आधी धुऊन न्यायचे असतात. दातांच्या डॉक्टरकडे आपण दात घासूनच जातो ना!) तासभर टाचा घासल्या, नवे काळे मोजे चढवले आणि अकोल्याहून भर उन्हात बसनं अमरावती गाठली.

चर्चमध्ये सहा पराती आणि प्रत्येक परातीशी समोरासमोर दोन खुर्च्या. माझ्यासमोर मामाजी! पाळकसाहेब काहीतरी समजावून सांगत होते, पण मामाजींकडे बघायचं टाळण्यात माझं सगळं लक्ष गेलं. छताकडे बघतच मी मोजे काढले आणि पाय परातीत सोडले. मामाजींनीही सोडले. चार पाय, एक परात आणि धुणारा कोणी नाही!

पाळकसाहेब धावत आले. "अहो, ज्याच्याशी बोलणं नाही त्याचे पाय धुवायचे आहेत! तुमच्यात धुणार कोण?"

"म्या लग्नात याचे पाय धुतले, साहेब," मामाजी म्हणाले. "आता माही पाळी."

"मले वाटलं, जावयाचे पाय सासरेच धुतात!" मीही पाळकांनाच सांगितलं. (आमच्याकडे लग्न चर्चमध्ये लागतं, पण घरी जावयाचे पाय धुणं चुकत नाही.)

"तो मान झाला. ही नम्रता आहे," पाळक घाम पुसत म्हणाले.

"मंग नम्र कोनं व्हावं?" मामाजींनी विचारलं.

तेवढ्यात चांदूर बाजारच्या आतेसासूबाई उठल्या. त्यांना दिसली फक्त परात, सासरा आणि जावई. पिशवीतून कोरा पांढरा टॉवेल काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला. "घ्या जवाईबुवा, आता रुसू नका!" मागच्या दोन बाया आहेरासाठी आपापल्या पिशव्या चाचपू लागल्या.

"बाई, हे लग्न नाही!" पाळक कळवळले.

"मंग काहून बसवलं यायले?"

इतक्यात मामाजींनी खाली पाहिलं. परातीतलं पाणी काळंकुट्ट! माझ्या मोज्यांचा रंग माझ्या पायांवरून उतरून त्यांच्या पायांवर चढला होता. तीन महिन्यांनी ते थेट माझ्याशी बोलले.

"अबे! लोकं तोंड काळं करतेत, तू माहे पाय काळे केले!"

मी खुर्चीवरून उतरून खाली बसलो आणि घासायला लागलो. रंग निघेना. पण पाय हातात आले आणि मला आठवलं, त्या दिवशी याच भेगाळलेल्या पायांनी मामाजी एकटे शिडी चढून चांदणी सरळ करून आले होते आणि मी खाली चिवडा खात होतो. मला फार लाज वाटली.

"मामाजी," मी म्हणालो, "चांदणी उलटीच होती."

मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतायत.

"अबे सोड! गुदगुल्या होऊन राहिल्या!"

अख्खं चर्च हसलं. रत्ना हसता हसता रडली. मी आतेसासूबाईंच्या टॉवेलनं मामाजींचे पाय पुसले आणि तोही कायमचा काळा केला.

पुढच्या वर्षीच्या बारा जणांची यादी मामाजींनी आत्ताच लिहून ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे आणि पुढे कंसात सूचना: 'मोजे घालून आल्यास पाय मिळणार नाहीत.'