आमच्या ऑफिसातले कंडक्टरकाका

बीडला एका कोचिंग क्लासच्या वर माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालिका आणि जाहिराती करणाऱ्यांना मराठवाड्यातले चेहरे हवे असायचे. ते शोधायचे आणि दोन्ही बाजूंची भेट घडवून द्यायची, हा माझा धंदा. एकट्याला झेपेना, म्हणून गावोगाव फिरून अशा भेटी ठरवणारा माणूस ठेवायचं ठरवलं.

मुलाखतीला आलेली पोरं एकजात नटनट्यांच्या ओळखी सांगायची. मग एक दिवस एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"काका, तुम्हाला या लाइनीत काहून यायचंय?" मी विचारलं.

"सर, कालेजच्या पोरी एकट्या बसमधी चढायच्या. आई-बाप खिडकीपाशी उभं राहून मला म्हणायचे, नीट उतरवा बरं का. तुमचं काम त्याच्याहून लई येगळं हाय का?"

मी त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं.

पाटोद्याकडच्या एका गावात भीमजयंतीला गाणारी एक मुलगी त्यांनी हेरली. वडील शाळेत शिक्षक. त्यांनी भेटीला सरळ नाही म्हणून सांगितलं. काका तरी त्या वाटेनं गेले की त्यांच्याकडं बसायचे, चहा प्यायचे, पण विषय काढायचे नाहीत. शेवटी वडिलांनीच विचारलं, "ते भेटीचं काय झालं?"

भेट आमच्या ऑफिसात झाली. मुलीची आई आतल्या खोलीत, काका दारात स्टुलावर. मुंबईहून आलेला माणूस म्हणाला, "यांना बाहेर पाठवा, मुलगी बुजतेय."

"ती म्हणली तर उठतो," काका म्हणाले. "तिलाच इचारा."

"बसू द्या काकांना," मुलगी म्हणाली, आणि तिनं जो प्रसंग करून दाखवला, तो बघून त्या माणसानं लगेच तिचा नंबर लिहून घेतला. तिला मालिकेत काम मिळालं. पहिल्या शूटिंगला काका त्या मायलेकींना पुण्यापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

पुढं लोक आपणहून त्यांना घरी बोलवायला लागले. मला वाटलं, आता जम बसला.

त्याच सुमाराला त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. बघाबघी झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. आणि मुलाकडच्यांनी निरोप धाडला, नको. कारण कुणी तोंडावर सांगेना. मग काकांच्या मेव्हण्यानं त्यांना सांगितलं: तुमी पोरी पुरवता, असं लोक बोलतात.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या टेबलावर ऑफिसची किल्ली ठेवली.

"मी येतो ना त्यांच्याकडं," मी म्हणालो. "ती पाटोद्याची मुलगी येईल, तिचे वडील येतील. सगळं समजावून सांगू."

"नका सर. तुमी समजवायला गेलात तर लोकांना वाटंल, समजवण्यासारखं काईतरी हाय." मग पिशवी उचलत ते म्हणाले, "माझ्या लेकीनं काय केलतं, सांगा."

मी किल्ली उचलून खणात ठेवली.

त्यांच्या जागी ठेवलेल्या माणसानं एका मुलीला भेटीसाठी एकटीला लॉजवर बोलावलं. तिचा भाऊ सोबत गेला म्हणून निभावलं. मी त्या माणसाला काढलं, पण ही गोष्ट गावोगाव पसरली. दारं मिटली. काही महिन्यांत मी ऑफिस बंद केलं आणि दुकानांच्या जाहिरातींना आवाज देऊ लागलो. आजही तेच करतो.

पाटोद्याची मुलगी मात्र मुंबईत काम करते. फोन केला की आधी काकांचं विचारते. त्यांनी आपला नंबर बदललाय, हे तिला सांगायला मला जड जातं.

मागच्या श्रावणात कपिलधारच्या धबधब्यापाशी काका अचानक दिसले. सोबत लेक आणि जावई. तिचं लग्न झालेलं बघून मला बरं वाटलं. मी पुढं होऊन नमस्कार केला. काका क्षणभर गोंधळले, मग जावयाला म्हणाले, "हे बँकेत असतात."

"कोणत्या शाखेला?" जावयानं आदरानं विचारलं.

काका माझ्याकडं बघत नव्हते. धबधब्याचा आवाज इतका होता की मला मोठ्यानं बोलावं लागलं.

"पाटोद्याला," मी म्हणालो.