लाल झालेल्या ओळी

२०१९ सालची गोष्ट, मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. माझी लेक नंदा सी भाषेतला कोड सांभाळते. चिपचं कार्ड वाचणारी मशीनं त्या कोडमुळं कॉम्प्युटरला जोडली जातात, आणि तो सगळ्या जगाला फुकट असतो. त्या दिवशी ती त्यातला जुना भाग काढत होती. काढलेली ओळ पडद्यावर लाल व्हायची. मी शेजारी बसून बघत होतो.

"आण्णा, आपल्या डेअरीत होतं तसलं जुनं कार्डाचं मशीन आता कुठंच उरलं नाही. त्याचा कोड काढा म्हणतायत माझ्याबरोबर काम करणारे सगळे."

"माझ्याकडं आहे की. भंगारातनं आणलंय."

"त्यात तुम्ही आईचं डेअरीचं कार्ड घालता आणि पडद्यावर तिचं नाव बघत बसता, ठाऊक आहे मला. तुम्ही म्हणाल तर भांडून ठेवीन."

चौथी शिकलेला असलो तरी मी कुणापुढं हात पसरलेला नाही. म्हणालो, "मेलेल्या माणसाला कसलं मशीन? काढ."

तिनं काढलं. माझ्या बायकोचं नाव आता त्या पडद्यावर येणार नव्हतं, आणि मला काहीच वाटलं नाही. थंडीत धार काढताना बोटं बधिर होतात, तरी दूध पडतच असतं. माणूसही तसाच चालत राहत असेल, आत काय झालंय ते त्याचं त्यालाही कळत नसेल. लाल ओळी संपल्या, नंदानं कॉम्प्युटर मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन डेअरीवर गेलो. नव्या कारकुनानं विचारलं, "कुणाच्या नावावर घेऊ?"

मी बायकोचं नाव सांगितलं.