अडकलेला फिल्टर आणि सकाळचं दूध

जनरेटरच्या ऑइल फिल्टरला माझ्या आधीच कुणीतरी पाइप पाना लावला होता. पत्र्यावर दातांचे वळ होते आणि डबा एका बाजूनं चेपला होता. मी गुडघे टेकून बसलो, फडक्यात धरून तो फिरवून पाहिला. हलला नाही. इंजिनखाली काळ्या ऑइलचं थारोळं साचलं होतं. मागं दारात बायका वाकून बघत होत्या.

मी जनरेटर दुरुस्त करतो. राहायला उचगावात, नोकरी कोल्हापुरातल्या एका सर्व्हिस कंपनीत. आयुष्याचा मोठा भाग कंपनीच्या गाडीत, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन गेला. आदल्या दिवशी एका दवाखान्याचा जनरेटर सेट चालू करून घरी आलो होतो, कंबर धरली होती. सकाळी चहा घेतोय तोवर साहेबांचा फोन आला. नेसरीच्या पुढं एका गावात महिलांची दूध संस्था आहे, त्यांचा सेट बंद पडलाय, लगेच निघा, असं ते म्हणाले. दुपारनंतर कोल्हापुरात एका मंगल कार्यालयाचं काम होतं, तेही विसरू नका म्हणाले. गडहिंग्लजपर्यंत मी गाडीत झोपलोच.

संस्थेच्या सचिव राजाक्का. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी घडलेलं सगळं नीट सांगितलं. पहाटे गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वीज नव्हती म्हणून त्यांनी जनरेटर लावला. गावातल्या बायकांनी घातलेलं दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीत, ओतलं. ते गार होत आलं तोच जनरेटर बंद पडला. लांबच्या वस्तीवरचं दूध नंतर आलं. ते कॅनमध्येच होतं, भिंतीच्या सावलीला, ओली पोती पांघरून. टँकर दुपारी येणार होता. नासलेलं दूध टँकरवाला घेत नाही, आणि कूलरमधलं नासलं तर अख्ख्या गावाचं जातं.

सेट का थांबला ते उघड होतं. फिल्टरच्या बुडातून ऑइल गळत होतं. ऑइलचा दाब कमी झाला की इंजिन जळू नये म्हणून सेट आपोआप बंद होतो. नवा फिल्टर आणि ऑइल माझ्याजवळ होतं. जुना निघाला की बाकीचं काम थोडक्यात आटपणार होतं.

"आवळला कुणी?" मी विचारलं.

"मीच," बापू म्हणाला. बापू गावातला ट्रॅक्टर मिस्त्री. धिप्पाड गडी. गळतंय म्हणून त्यानं सकाळी पाइप पान्यानं आवळला, तरी गळायचा थांबला नाही. मग काढायला गेला तर निघेना. त्यानं काहीही लपवलं नाही, त्यामुळं माझा वेळ वाचला.

फिल्टर काढायचे पाने वेगवेगळे असतात. वाटी पाना टोपीसारखा डब्याच्या टोकावर बसतो. पण टोकाच्या खाचा पाइप पान्यानं चेपल्या होत्या, वाटी नुसती गरगर फिरली. मग पट्टा पाना घेतला. तो कमरपट्ट्यासारखा डब्याला आवळतो. ऑइलमुळं घसरत होता. राजाक्कांकडून कॅन धुवायची पावडर मागून घेतली, डबा घासून कोरडा केला, पट्ट्याखाली पॉलिश पेपर घातला. आता पकड आली. मी जोर दिला. पण फिल्टर फिरायच्या ऐवजी त्याचा पत्रा पिळवटायला लागला, ओला कपडा पिळावा तसा. मी हात सोडला. अजून थोडा जोर दिला असता तर तो फाटलाच असता.

बापूनं स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडा पुढं केला. हा प्रकार सगळ्या गॅरेजमध्ये चालतो. डब्यात आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकायचा आणि त्याच्या दांड्यानं फिल्टर फिरवायचा. निघाला तर पटकन निघतो.

"न्हाय," मी म्हणालो.

"साहेब, म्या धा येळा काढलाय असा."

त्याचं खोटं नव्हतं. मीही काढलेत. पण हा पत्रा आधीच पिळवटलेला होता. असा डबा भोकापासून फाटत जातो आणि बुडाची जाड चकती तेवढी इंजिनला चिकटून राहते. मग धरायला काही उरत नाही. चकती छिन्नीनं ठोकत बसावं लागतं. त्यात ज्या नळीवर फिल्टर बसतो तिचे आटे गेले तर सेट कोल्हापूरला न्यावा लागतो.

मला दुसरा रस्ता दिसत होता, पण तो वेळखाऊ होता. फिल्टरच्या बुडाशी पत्रा दुमडलेला असतो, तिथं तो सगळ्यात ताठ असतो. तिथं साखळीनं आवळणारा चेन पाना बसला तर जोर थेट चकतीला मिळतो. मात्र तिथवर हात पोचायला सेटची कॅनॉपी, म्हणजे आवाज कमी करायला बसवलेलं पत्र्याचं कपाट, एका बाजूनं उघडावी लागणार होती. तिचे बोल्ट गंजलेले होते. शिवाय फिल्टर आणि इंजिन यांच्यामधलं रबर मऊ पडायला बुडाला ऊब द्यायला हवी होती. गॅस टॉर्चची ज्योत लावायचा प्रश्नच नव्हता, खाली ऑइल सांडलेलं.

हे सगळं मी राजाक्कांना सांगितलं. बाहेर कुजबुज वाढली होती. एक बाई म्हणाली, घाला की स्क्रू ड्रायव्हर, एवढं काय त्यात.

राजाक्का आत गेल्या. गॅसवर वाटीभर दूध उकळून त्या फुटतंय का ते बघत होत्या. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं. परत आल्या आणि म्हणाल्या, "कूलरमधलं अजून चांगलं हाय. कॅनमधलं काठावर हाय."

मग मला विचारलं, "स्क्रू ड्रायव्हरनं न्हाय निघाला तर?"

"आजचं समदं जाईल. आणि डीपी कधी येतीय त्यावर उद्याचं."

त्यांनी कॅनकडं बघितलं. "तुमच्या पद्धतीनं करा," म्हणाल्या. "बायकांना मी सांगते."

बापूचं तोंड उतरलं, पण तो गेला नाही. कॅनॉपीचे बोल्ट त्यानंच सोडवले. दोन तुटले. राजाक्का उकळतं पाणी आणून देत होत्या. मी त्यात फडकी भिजवून फिल्टरच्या बुडाला गुंडाळत होतो, गार झाली की बदलत होतो. बोटं भाजत होती. वाकून वाकून कंबर इतकी ठणकत होती की शेवटी मी सांडलेल्या ऑइलवर पोतं टाकून आडवाच झालो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मंगल कार्यालयवाले ओरडतायत, एका फिल्टरला किती वेळ लावता, म्हणाले. मी हो म्हटलं आणि फोन पोत्यावर ठेवून दिला. त्यांना समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

चेन बुडाशी बसवली. दांड्याला बापूनं पाइप जोडला.

"हिसका न्हाय द्यायचा," मी सांगितलं. "नुसतं वजन टाकायचं."

आम्ही दोघं त्या पाइपवर रेललो. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, गेलं. मग आतून चिकटपट्टी ओढल्यासारखा बारीक आवाज झाला आणि दांडा बोटभर सरकला. नंतर तो फिल्टर हातानंच निघाला.

मी तो उलटा करून पाहिला. बुडाला रबराची रिंग होती. मग इंजिनवर बोट फिरवलं, तर तिथं आणखी एक रिंग चिकटलेली. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी जुना फिल्टर काढला, त्याचं रबर इंजिनवरच राहिलं, आणि त्याच्यावर नवा फिल्टर चढवला. दोन रबरं एकमेकांवर कधी बसत नाहीत. म्हणून गळत होतं, आणि बापूनं कितीही आवळलं तरी ते थांबणार नव्हतं. मी त्याला दाखवलं. त्यानं ती रिंग हातात घेऊन ताणून पाहिली आणि म्हणाला, "सकाळपास्नं मला वाटतंय, माझंच चुकलं."

जागा पुसून घेतली, नव्या रबराला ऑइलचं बोट लावलं, फिल्टर हातानं बसवला, ऑइल भरलं. सेट चालू झाला. बुडाशी कोरडं फडकं धरून बघितलं, कोरडंच राहिलं. कूलर घरघरायला लागला तेव्हा बायका आत आल्या. टँकर आला, कूलरमधलं दूध त्यानं घेतलं.

वस्तीवरच्या कॅनमधलं दूध मात्र वाटीत फुटलं. राजाक्कांनी त्या बायकांना स्वतः जाऊन सांगितलं. कुणी भांडलं नाही. मी हात धुत होतो तेव्हा त्यांतली एक म्हातारी कॅन उचलायला आली.

"पावणं, तो बापूचा स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर माझं वाचलं असतं काय?"

"वाचलंही असतं, मावशी," मी म्हणालो. "सांगता येत न्हाय."

तिनं मान हलवली. कॅन डोक्यावर घ्यायला मी हात लावला. ती चढाच्या वाटेनं निघून गेली.

गाडीत बसल्यावर साहेबांना फोन केला. काय केलंत, त्यांनी विचारलं. फिल्टर बदलला, म्हणालो. एवढंच, असं ते म्हणाले. मीही एवढंच म्हणालो, आणि मंगल कार्यालयाचा पत्ता विचारून घेतला.

तुमच्याकडं जनरेटर असो, ट्रॅक्टर असो की मोटार, फिल्टर बदलताना मिस्त्रीच्या बाजूला उभे राहा. जुन्या फिल्टरला त्याचं रबर आहे का ते बघा. नसेल तर ते इंजिनवर आहे. आणि नवा फिल्टर हातानंच आवळू द्या. पाना फक्त काढायला असतो.